पत्रा, पूर आणि पावणेदोन लाख: सांगलीच्या एका फियाटचं मूल्यमापन

मागणी साडेचार लाखांची होती. गाडी १९६९ ची फियाट ११०० डिलाइट. पेट्रोल, हँडल गिअर, फिकट राखाडी रंग, सांगलीच्या गावभागात एका जुन्या घराच्या शेडमध्ये उभी. मालक २०२० मध्ये वारले. गाडी त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या ताब्यात होती, पण किमतीचं बोलणं पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा करत होता. घेणारा माझा कोल्हापूरचा मित्र. त्याला ही गाडी रविवारी सकाळी पन्हाळ्यापर्यंत न्यायची होती आणि घरच्या कार्यांना काढायची होती. रॅलीत बक्षीस मिळवायचं नव्हतं, की चार वर्षांनी फायद्यात विकायची नव्हती. हे आधीच सांगतो, कारण गाडी कशासाठी हवी हे ठरलं नसेल तर पुढचे सगळे आकडे हवेत राहतात.

मुलाने साडेचार लाखांचा आकडा कुठून आणला हेही उघड होतं. जाहिरातींत अशा गाड्यांपुढे चार-पाच लाख लिहिलेले असतात. त्यातला मधला आकडा उचलायचा आणि वर ‘पन्नास वर्षांवरची, व्हिंटेज’ असं जोडायचं. पण जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. ती गाडी शेवटी कितीला गेली, की गेलीच नाही, हे तिथे कुणी लिहीत नाही.

आता थोडं या गाडीबद्दल. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी, कारखाना कुर्ल्याचा. (सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजला नाव आहे तेच वालचंद.) आधी गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, १९६४ पासून डिलाइट, १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. २००० सालच्या सुमारास उत्पादन थांबलं, तरी मुंबईच्या टॅक्सींमुळे ती पुढे वीसेक वर्षं रस्त्यावर राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादा संपून उतरली.

खरेदीदाराच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी कामाच्या. एक, टॅक्सींच्या जिवावर या गाडीचं यांत्रिक सामान अजून मिळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पिस्टन, बुशं, गॅस्केट शोधायला फार वणवण करावी लागत नाही, निदान आज तरी. डिलाइटचं बीडिंग, दिवे, मीटर मात्र टॅक्सीवाल्यांना कधी लागलेच नाहीत, त्यामुळे ते मिळाले तर नशीब. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या गाडीला जीपसारखी वेगळी चासीस नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. दरवाज्यांखाली पुढून मागे जाणारी जी पत्र्याची पोकळ पेटी असते, जिला सगळे सिल म्हणतात, ती गंजली की गाडी दिसायला खराब होते एवढ्यावर भागत नाही. गाडीचा कणाच मऊ होतो.

म्हणून माझं मत आधीपासून असं आहे: फियाटमध्ये इंजिनाचे पैसे मोजायचे नाहीत, पत्र्याचे आणि कागदाचे मोजायचे. इंजिन कसंही असलं तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ठरलेल्या पैशात उभं राहतं. पत्र्याचं काम एकदा उघडलं की त्याचा शेवट डेंटरलाही सांगता येत नाही. लोक मात्र उलटं करतात. इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं की खूश होतात आणि रंगावर हात फिरवून पैसे काढून देतात.

जाण्याआधी

मुलाने पाठवलेल्या फोटोंत गाडी प्रत्येक वेळी नुकती धुतलेली, ओली. ओला रंग नेहमीच चकाकतो, त्यामुळे अशा फोटोंवरून रंगाबद्दल काहीही ठरवू नये. आम्ही त्याच्याकडे आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मागितले, बॉनेटखाली पत्र्यावर ठोकलेल्या चासीस नंबरचा आणि इंजिनाच्या ब्लॉकवरच्या नंबरचा जवळून फोटो मागितला. चासीस नंबर जुळला. इंजिन नंबरचा फोटो काही आला नाही. ‘ग्रीस बसलंय, दिसत नाही,’ असं उत्तर आलं. नोंदणीची मुदत जून २०२२ मध्ये संपलेली, विमा त्याच्याही आधीपासून नाही.

सोबत उद्यमनगरातले एक मिस्त्री घेतले. पासष्टीचे असतील, पद्मिनी आणि डिलाइटवर हात बसलेला माणूस. स्वतःच्या आवडीच्या गाडीची तपासणी एकट्याने करू नये, असं मी सगळ्यांना सांगतो. आवडलेल्या गाडीतले दोष डोळ्यांना दिसतात, पण मन ते मोजत नाही. मिस्त्रींना त्या गाडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना दिवसाची मजुरी मिळणार होती, गाडी घेतली काय आणि नाही काय.

शेडमध्ये

गेल्या गेल्या मिस्त्रींनी बॉनेटवर पंजा ठेवला. गरम. सकाळीच कुणाला तरी बोलावून इंजिन चालू करून ठेवलं होतं. यात लबाडी असेलच असं नाही. पाहुणे आल्यावर गाडी सुरूच झाली नाही तर लाज वाटेल, एवढाच हेतू असू शकतो. पण जुन्या इंजिनाचं खरं रूप थंड असताना कळतं. पहिला धूर, पहिली टकटक, चोक किती वेळ लागतो, हे सगळं गरम इंजिन झाकून टाकतं. म्हणून क्रम बदलला आणि इंजिन शेवटी ठेवलं.

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर हल्ली सहज मिळतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. जुन्या गाडीवर दोन-तीन वेळा रंग चढलेला असतो, त्यामुळे ३००-४०० आला तरी मी दचकत नाही. टपावर आणि बॉनेटवर तेवढाच येत होता. दरवाज्यांच्या खालच्या वीतभर पट्ट्यात मीटर १२०० च्या पुढे गेलं आणि डाव्या सिलवर तर त्याने आकडाच दाखवला नाही. याचा अर्थ पुट्टी, म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लेप. मीटर नसेल तर फडक्यात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक चालतं. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही किंवा फार खोल आहे. मिस्त्रींना यातलं काहीच लागलं नाही. ते बोटाच्या पेराने टकटक करत गाडीच्या कडेने चालत गेले आणि जिथे आवाज बसका आला तिथे खडूने रेघ ओढत गेले. त्यांच्या रेघा आणि माझं मीटर एका ठिकाणीही वेगळं बोललं नाही.

पुट्टी असणं हा गुन्हा नाही. छप्पन्न वर्षांच्या गाडीला कुठे ना कुठे असणारच. प्रश्न असतो तो पुट्टीखाली काय आहे हा, आणि दोन्ही बाजूंना, सगळीकडे एकाच उंचीपर्यंत पुट्टी का, हा. ठोकर लागली तर एक कोपरा जातो. चारही दरवाज्यांची खालची कड एकाच रेषेत खराब होते तेव्हा कारण पाणी असतं.

सांगलीत असताना पाणी म्हटलं की पुढचं विचारावंच लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि गावभागात तेव्हा घरांच्या आत होड्या फिरल्या. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “पाणी पायरीपर्यंत आलं होतं. गाडीला काही झालं नाही, असंच सांगत होते हे.”

मिस्त्रींनी परवानगी घेऊन मागच्या डाव्या दरवाज्याचं आतलं कार्ड, म्हणजे आतून लावलेलं आच्छादन काढलं. कार्ड नवं होतं, रेक्सिनही नवं. गाडीतल्या बाकीच्या रेक्सिनपेक्षा दोन छटा गडद. त्याच्यामागे दरवाज्याच्या पोकळीत, काचेच्या मशीनच्या दातांमध्ये, पिठासारखी बारीक तपकिरी माती बसलेली होती. पत्र्यावर आतून एक आडवी रेघ, हँडलच्या चार बोटं खाली. वरचा भाग राखाडी, खालचा गंजाने भाजलेला. मग सिलच्या तळाची पाणी जायची भोकं पाहिली. ती रंगाने बुजलेली. एका भोकात स्क्रूड्रायव्हरचं टोक फिरवलं तशी तीच माती खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर सांडायला लागली. सोबत गंजाचे पापुद्रे. अर्धी वाटी तरी भरली असती. हेडलाइटच्या वाटीतही तीच.

मिस्त्रींनी चिमटीत घेऊन काकूंना दाखवली. “वैनी, ही नदीची माती हाय. पावसाच्या पाण्याला एवढी बारीक माती नसते.”

काकू काही क्षण बघत राहिल्या, मग सरळ म्हणाल्या, “मी तेव्हा पुण्याला मुलाकडेच अडकले होते. परत आले तर यांनी गाडी आधीच गॅरेजला दिलेली. मला काय केलं ते माहीत नाही.” मला त्यांचं बोलणं खरं वाटलं. पुरात सापडलेल्या गाड्यांचं नेहमी असंच होतं: वरून धुतात, सीट आणि कार्डं बदलतात, रंग मारतात, पण बंद पेट्यांतली माती काढायला गाडी कापावी लागते आणि ते कुणी करत नाही. ती माती ओल धरून बसते, आणि पत्रा सहा वर्षं आतून सडत राहतो. बाहेरून नवा रंग.

गाडी जॅकवर घेतली तेव्हा आणखी एक परीक्षा आपोआप झाली. डाव्या बाजूने उचलताना पुढचा दरवाजा उघडून ठेवला होता; गाडी वर गेल्यावर तो बंद करायला गेलो तर कुलूप दोन-तीन मिलिमीटर खाली लागत होतं. म्हणजे सिल वाकत होतं. उजव्या बाजूला असं झालं नाही. पुढचा डावा फ्लोअर पायाखालच्या मॅटसकट दबत होता, आणि डिकीत स्टेपनी काढल्यावर तळातून फरशी दिसली.

डाव्या पुढच्या मडगार्डची गोष्ट वेगळी आणि जरा मजेची. आतून हात घातला तर पत्र्याला वेल्डिंगने बुजवलेली चार भोकं लागली. आरशाने बघितलं तर आतल्या बाजूला राखाडीखाली काळा रंग. मुंबईच्या टॅक्सीला जुनं मीटर बाहेर, डाव्या मडगार्डपाशीच बसवलेलं असायचं. गाडी मात्र पहिल्यापासून खाजगी, आरसीवर एकच नाव. म्हणजे कधीतरी डावीकडून ठोकर बसली असणार आणि भंगारातल्या काळ्या-पिवळीचं मडगार्ड लागलं असणार. असं मडगार्ड बसवण्यात गैर काही नाही, पण ठोकर सांगाड्यापर्यंत गेली का हे बघायला हवं. ओळंबा सोडून पुढच्या सस्पेन्शनच्या आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) बिंदूंच्या खुणा फरशीवर केल्या आणि तिरकी मापं घेतली. दोन कर्णांत ४ मिलिमीटरचा फरक निघाला. एवढ्या जुन्या गाडीला तो मी सोडून देतो. पंधरा-वीस निघाला असता तर तिथूनच परत फिरलो असतो.

इंजिन, उरल्या वेळेत

दुपारपर्यंत इंजिन निवलं. सुरू केलं तर निळसर धूर, पण जास्त नाही. ऑइल प्रेशर ठीक. रेडिएटरच्या पाण्यात तेल नाही, ऑइल कॅपखाली पांढरट लोण्यासारखा थर नाही, म्हणजे हेड गॅस्केट धरून आहे. मग चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब घेतला. ११८, ११६, ८४, ११५ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर तेल घालून पुन्हा घेतलं तर १०६ झालं. तेल घातल्यावर आकडा वर येतो तेव्हा गळती पिस्टनच्या रिंगांकडून असते, व्हॉल्व्हची गळती तेलाने भरत नाही. फोनला जोडायचा छोटा कॅमेरा प्लगच्या भोकातून सोडला तर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर तपकिरी कडं दिसलं. पूर आला त्या वेळी त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार आणि पाणी तिथे साठलं असणार, असा आमचा अंदाज. बोअरिंग (सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करणं) लागणार, पण आज नाही. असं इंजिन रविवारच्या फेऱ्यांवर आणखी दोन-तीन वर्षं ओढतं.

ब्लॉकवरचं ग्रीस रॉकेलने पुसलं आणि फोटो का आला नव्हता ते कळलं. नंबर आरसीशी जुळत नव्हता.

बाकीचं भराभर. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मास्टर सिलिंडर पाझरतोय. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनमध्ये खेळ. गिअरच्या दांड्याची बुशं गेलेली, त्यामुळे दुसरा गिअर शोधावा लागतो. वायरिंगमध्ये सहा रंगांच्या टेप. टायर चांगले दिसतात पण कडेला भेगा, आणि वय झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी बादच. पेट्रोलचे पाइप जुन्या रबराचे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला आणि पंपाच्या पडद्याला मानवत नाही, तेव्हा ते बदलणं आलंच. रस्त्यावर चालवून पाहिली नाही. विमा नाही, नोंदणी संपलेली, आणि कुणाला धक्का लागला असता तर काकूंच्या गळ्यात पडलं असतं. अंगणातच चारदा पुढे-मागे घेतली.

कागद

यावर लोक सर्वांत कमी वेळ देतात, म्हणून जरा सविस्तर.

मालक हयात नसतील तर आधी गाडी वारसाच्या नावावर होते, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. त्यानंतरच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. वारसाची पायरी गाळून मयत माणसाच्या नावाचे सही केलेले फॉर्म देणारे लोक भेटतात; तिथे थांबू नये. या गाडीची नोंदणीही संपलेली होती, म्हणजे फॉर्म २५ भरून तपासणी. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून ₹१०,००० झालं आहे. वर उशिराचे दरमहा ₹५००. आम्ही डिसेंबर २०२५ मध्ये बघत होतो, म्हणजे जून २०२२ पासून ४२ महिने, ₹२१,०००. पर्यावरण कर, पीयूसी, विमा धरला तर ₹३५,००० च्या आसपास. शिवाय जुन्या पुस्तकावरची नोंद ऑनलाइन चढलेली नव्हती. ती आधी चढवून घ्यायला आरटीओत हेलपाटे.

‘व्हिंटेज’चं काय? २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात असलेली गाडी. चासीस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीचं शुल्क ₹२०,०००, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कारणांना चालते. म्हणजे मुलगा ज्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मागत होता तो शब्द माझ्या मित्राच्या उपयोगाचाच नव्हता. आणि बदललेलं इंजिन, टॅक्सीचं मडगार्ड, सिलचं येऊ घातलेलं कापकाम बघता तो मिळवताना वाद झाला असता ते वेगळंच.

इंजिन नंबर न जुळणं ही मात्र सौदा मोडणारी गोष्ट ठरली असती. चोरीचं इंजिन असू शकतं, किंवा आरटीओतला तपासणारा माणूस गाडी परत पाठवू शकतो. काकूंना विचारलं, तर त्यांनी आतून पत्र्याची पेटी आणली. काका शिस्तीचे असावेत. पेट्रोलच्या पावत्या सोडून सगळं होतं: टायरची बिलं, विम्याच्या पावत्या आणि तळाशी १९८७ चं ब्लॉक बदलल्याचं बिल, नव्या नंबरासकट. फक्त आरसीवर नोंद करायची राहून गेली होती. त्या एका पिवळ्या कागदाने गाडी वाचली. मी त्याची किंमत नंतर हिशेबात वेगळी लिहिली नाही, पण तो नसता तर आम्ही एक रुपयाही बोललो नसतो.

आकडे

त्याच संध्याकाळी मिस्त्रींच्या गॅरेजात बसून दोन याद्या केल्या. पहिली, ज्यावाचून गाडी रस्त्यावर आणायचीच नाही अशा कामांची. दोन्ही सिल, डावा फ्लोअर, डिकीचा तळ आणि तेवढ्याच भागाचा रंग ₹८५,०००. ब्रेक ₹१८,०००. किंगपिन, बुशं, पाटे ₹१६,०००. वायरिंग ₹१५,०००. पाच टायर-ट्यूब ₹२२,०००. एकूण ₹१,५६,०००, आणि कागद धरले तर ₹१,९१,०००. दुसरी यादी नंतरच्या कामांची: इंजिन ₹५५,०००, सगळा रंग उतरवून पुन्हा ₹७५,०००, सीट, टपाचं कापड आणि रबरं ₹३५,०००. दोन्ही मिळून ₹३,५६,०००.

आता गाडी पूर्ण तयार झाल्यावर किती? आमच्या ओळखीत कोल्हापूर-सांगली-पुणे पट्ट्यात जे व्यवहार प्रत्यक्ष झाले, त्यावरून एका नावावरची, मूळ इंजिनाची, पुराचा इतिहास नसलेली डिलाइट सव्वाचारपर्यंत जाते. ही गाडी कितीही सजवली तरी इंजिन बदललेलं आणि पुरातून गेलेली; पावणेचारच्या वर कुणी देणार नाही. पावणेचारातून ₹३,५६,००० वजा केले तर उरतात एकोणीस हजार. मिस्त्री हसले आणि म्हणाले, “मग भंगारवाला बरा की.”

हा हिशेब बरोबर आहे आणि तरीही निरुपयोगी आहे. जवळपास कुठल्याही जुन्या गाडीचा पूर्ण जीर्णोद्धार तिच्या बाजारभावापेक्षा महाग पडतो, त्यामुळे या रीतीने मोजलं तर कुठलीच गाडी घेण्यालायक ठरणार नाही. विकणाऱ्यासमोर हा आकडा ठेवून भाव पाडणं मला पटत नाही. आपल्या हौसेचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्यासारखं आहे ते. सीट आणि नवा रंग ही मित्राची हौस, ती त्याने त्याच्या खिशातून करावी. सिल आणि ब्रेक ही हौस नाही.

म्हणून दुसरा हिशेब केला. सांगाडा घट्ट, ब्रेक पक्के, कागद स्वच्छ, पण रंग मळका आणि इंजिन थोडं तेल खाणारं अशा चालत्या डिलाइटला साधारण ₹३,३५,००० मिळतात. त्यातून पहिली यादी आणि कागद वजा केले की ₹१,४४,०००. कागद विकणाऱ्याने स्वखर्चाने करून दिले तर ₹१,७९,०००.

बोलणी

मुलगा फोनवर चिडला. “तुम्ही पाडून मागताय.” साडेचारवरून दीडवर आलेलं ऐकून कुणीही चिडेल. मित्राने वाद घातला नाही. दोन्ही याद्या, दरवाज्याच्या आतले फोटो, कॉम्प्रेशनचे आकडे आणि आरटीओच्या शुल्काचा हिशेब असं सगळं पाठवून दिलं आणि म्हणाला, दुसऱ्या कुणाही मिस्त्रीला दाखवा, पैसे मी देतो.

दोन आठवडे शांतता. मधल्या काळात शूटिंगला गाड्या भाड्याने देणाऱ्या एका दलालाने सव्वा लाख रोख देऊ केले, कागदांसकट जशी आहे तशी, नाव बदलायचं नंतर बघू. काकूंनी मित्राला फोन करून विचारलं, यात धोका काय. त्याने खरं ते सांगितलं: नाव बदलत नाही तोवर त्या गाडीने काही केलं तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार, आणि शूटिंगला भाड्याने जाणारी गाडी कुठे फिरतेय हे तुम्हाला कळणारही नाही. मला वाटतं, सौदा तिथेच झाला. मुलाने शेवटी पावणेदोन लाख मागितले, वारसनोंद, नूतनीकरण आणि इंजिन नंबरची नोंद त्यांच्याकडे. दहा हजार विसार दिला. पावतीवर लिहून घेतलं की चासीस नंबरची पडताळणी अडली तर विसार परत, आणि बाकीचे पैसे नाव बदलायच्या फॉर्मवर सह्या होतील त्या दिवशी.

आरटीओतल्या साहेबांनी चासीस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, १९८७ चं बिल दोनदा वाचलं आणि त्याची झेरॉक्स मागितली. बाकी अडचण फक्त ऑनलाइन नोंदीची होती, त्यातच सगळा उशीर झाला.

गाडी ट्रकवर घालून उद्यमनगरात आणली आणि सिल उघडले. डाव्या बाजूला अपेक्षेप्रमाणेच, म्हणजे हाताने मोडेल असं. उजवीकडे बाहेरचा पत्रा बरा होता, पण आतली दुसरी भिंत खालच्या कडेने गेलेली निघाली. जॅकवर दरवाजा नीट लागला तरी आतलं कळलं नव्हतं. त्याचे १४,००० वाढले. फ्लोअरचा तुकडा मिस्त्रींनी शेजारच्या शॉपमध्ये पत्रा वाकवून करून घेतला, तो अंदाजापेक्षा सहा हजारांनी स्वस्त पडला. दोन ब्रेक ड्रम लेथवर लावले. पहिल्या यादीचं बिल शेवटी ₹१,६४,००० झालं. सिलच्या पेट्या बंद करण्याआधी आतून मेणासारखं गंजरोधक मारलं आणि पाणी जायची भोकं उघडी ठेवली. ती रंगवाल्याने पुन्हा बुजवू नयेत म्हणून मित्र स्वतः तिथे उभा राहिला.

विमा काढताना कंपनीने आधी जुन्या गाडीला भावच नाही असा सूर लावला. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्याची किंमत दोघांनी ठरवून घ्यायची असते, तेव्हा मिस्त्रींचा तपासणी अहवाल, बिलं आणि फोटो जोडून ₹३,००,००० मान्य करून घेतली. इंजिनाला अजून हात लावलेला नाही. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा घ्यायचं ठरलंय, आणि ते सत्तरच्या खाली गेलं तर बोअरिंगचे ₹५५,००० बाजूला काढून ठेवलेले आहेत.